छातीशी थांबलेला हात

शिफू, मागच्या महिन्यात मी नागोयाला जाऊन आले. तुमच्या गुरूंचा मुलगा तिथे राहतो. तो तिथे आहे हे मला त्याच्या घरात जाईपर्यंत माहीत नव्हतं, आणि तुमच्या गुरूंना मुलगा होता हेसुद्धा माहीत नव्हतं. परत आल्यापासून माझं कशातच लक्ष नाही. प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपपुढे बसते, सगळं सुरू करते आणि बऱ्याच वेळाने लक्षात येतं की सॅम्पल आत ठेवलेलंच नाही. घरी नवरा विचारतो, काय झालंय, आणि मी म्हणते, काही नाही, झोप नीट झाली नसेल. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली. इतक्या वर्षांत तुमच्याबद्दल नवीन काही कळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझ्या लेखी तुम्ही पूर्ण झाला होता.

मला तुमचं पहिलं दर्शन झालं ते खानावळीच्या स्वयंपाकघरातल्या पाठीचं. मी त्सुकुबात नवीन आले होते, पोस्टडॉक म्हणून. जपानी बोलता येत नव्हतं आणि मांस चालत नव्हतं. संशोधन संस्थेतून सायकलवर परतताना तुमच्या दाराबाहेर कोबीचे गड्डे रचलेले दिसले, म्हणून आत आले. काउंटरपलीकडे एवढीशी जागा, तिच्यात दोन शेगड्या, एक मोठी कढई आणि तुम्ही. मी खुणांनी आणि मोडक्या शब्दांनी सांगत होते, मासे नको, मांस नको, त्याचा रस नको. तुम्ही वळून न बघता म्हणालात, "मग काय हवं ते सांग." मी म्हणाले, "कोबी." तुम्ही कढई उचलून घासली, धुतली, पुन्हा तापवली आणि मगच तेल टाकलं. ते माझ्यासाठी होतं हे मला नंतर कळलं. पण तेव्हा मी बघत होते ते वेगळंच. तेवढ्याशा जागेत तुमचा कोपर कशालाही लागत नव्हता. मागे वळणं, वाकणं, झाकण उचलणं, सगळं एकाच लयीत चालू होतं. माझ्यापुढे ताटली ठेवताना तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "तुझे खांदे कानांना चिकटलेत. दिवसभर काय करतेस?" मी मायक्रोस्कोप असं सांगितलं. "रविवारी सकाळी तळ्यापाशी ये," तुम्ही म्हणालात. कशासाठी, ते सांगितलं नाहीत.

पहिला हिवाळा नुसता उभं राहण्यात गेला. घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून, पाठ सरळ, हात पुढे. डोंगरावरून कोरडा वारा यायचा, ओठ फुटायचे, मांड्या थरथरायच्या. तुम्ही मागून यायचात आणि एका बोटाने माझ्या कमरेला ढकलायचात. मी पडायचे. तुम्ही पुढच्या माणसाकडे जायचात. आम्ही सात-आठ जण होतो, सगळे तुम्हाला शिफू म्हणजे गुरुजी म्हणायचे, त्यात एक निवृत्त शाळामास्तर होते, ते सगळ्यांत जुने. पुढे तुम्ही आम्हाला तुमच्या कुंग फू शैलीचा पहिला पूर्ण क्रम शिकवलात, आणि त्यातली ती एक हालचाल, जी मला सगळ्यांत सुंदर वाटायची. डावा हात समोरच्याचा हात बाजूला सारतो, उजवा कमरेपासून वर निघतो, बोटं जुळलेली, आणि छातीच्या उंचीला येऊन थांबतो. तिथे एक श्वास. मग हात खाली. मास्तरांनी एकदा विचारलं होतं, हा हात मध्येच का थांबतो, बाकी सगळे वार तर शेवटपर्यंत जातात. तुम्ही म्हणालात, "आपल्याकडे इथेच थांबतो." आम्ही समजून गेलो की यात काहीतरी खोल अर्थ आहे. मी तर माझ्या विद्यार्थ्यांना तो अर्थ समजावूनही सांगत आले इतकी वर्षं. स्वतःच रचलेला.

दर चिनी नववर्षाला तुम्ही खानावळ बंद ठेवायचात आणि आम्हाला जेवायला बोलवायचात. माझ्यासाठी अंडं आणि लसणाच्या पातीचं सारण भरलेले मोदकासारखे डंपलिंग, वेगळ्या भांड्यात उकडलेले. जेवण झालं की तुम्ही आमच्या घराण्याची गोष्ट सांगायचात. मूळ गुरू फुजियानहून होडीतून तैवानला आले, अंगावरचे कपडे आणि औषधी मुळ्यांचं एक गाठोडं एवढंच घेऊन. त्यांचा शिष्य गावोगाव हिंडून हाडं बसवायचा. त्याचा शिष्य म्हणजे तुमचे गुरू. दक्षिण तैवानमधल्या एका लहानशा गावात त्यांचं हाडं बसवायचं दुकान होतं आणि दुकानामागच्या अंगणात ते शिकवायचे. तुम्ही लहानपणीच त्यांच्याकडे राहायला गेलात, पाणी भरलंत, स्वयंपाक शिकलात, मुळ्या कुटल्यात. इथवर तुम्ही भरभरून सांगायचात. मग म्हणायचात, "आणि मग आम्ही," आणि उठून भांडी आवरायला लागायचात. त्या साखळीत तुम्ही स्वतःचं नाव कधी घेतलं नाहीत. आम्ही याला विनय समजायचो.

एका नववर्षाला मास्तरांनी आणि मी ठरवलं की तुम्हाला रीतसर चहा द्यायचा. गुरूपुढे गुडघे टेकून, दोन्ही हातांनी पेला धरून चहा द्यायचा आणि त्यांनी तो प्यायला की शिष्य म्हणून स्वीकारलं असं होतं, हे आम्ही तुमच्याकडूनच ऐकलं होतं. मास्तरांनी आमची नावं लिहिलेला लाल कागद आणला, मी उशी शिवली. तुम्ही खुर्चीत बसलात. मास्तर गुडघ्यांवर बसले, पेला पुढे केला. तुम्ही त्या पेल्याकडे बराच वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "गार होऊ दे." उठून आत गेलात आणि कांद्याची पात चिरायला लागलात. आम्हाला सुरीचा आवाज येत होता. चहा गार झाला. मास्तरांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि त्यानंतर ते कधी आले नाहीत. मी येत राहिले, पण मनाला ते लागून राहिलं. मला वाटलं, मास्तर जपानी आणि मी भारतीय, त्यातून बाई, म्हणून. तसं असतं तर तुम्ही मला इतकं कशाला शिकवलं असतंत, हा विचार मी करायचे आणि पुन्हा तिथेच यायचे.

आणि तो रागावण्याचा दिवस. जोडीने सराव चालला होता, माझ्यासमोर विद्यापीठातला एक मुलगा होता. चांगला रंग चढला होता. तुम्ही बाजूने म्हणालात, "बस." माझी बोटं त्याच्या हनुवटीला घासून गेली. त्याला काही झालं नव्हतं, तो हसत होता. पण तुमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, पार पांढरा पडलेला. तुम्ही मला झाडांपाशी नेलंत.

"बस म्हटलं तेव्हा हात कुठे होता?"

"शिफू, हात आधीच निघाला होता."

तुमचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. मग हळू आवाजात म्हणालात, "निघालेला हात परत आणता येत नसेल तर तो हात तुझा नाही." आणि हिवाळा संपून प्लमची फुलं येईपर्यंत तुम्ही मला शिकवलं नाहीत. मी रविवारी यायचे, कडेला उभी राहायचे, परत जायचे. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा, असं घरी म्हणत राहायचे.

आता नागोयाचं सांगते.

वसंतात इथे शहराचा आंतरराष्ट्रीय मेळा झाला. मी माझ्या कुंग फूच्या वर्गातल्या मुलांना घेऊन पहिला क्रम सादर केला. माझी लेकही त्यात होती. तुम्ही तिच्यासाठी काळे कापडी बूट आणले होते ना, ती दुडुदुडू चालत होती तेव्हा, आणि मी म्हणाले होते, शिफू, हे फार मोठे आहेत, तर तुम्ही म्हणालात, पाय वाढतात. ते बूट केव्हाच लहान झाले. ती आता माध्यमिक शाळेत आहे, माझ्याहून उंच. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते. तर कुणाच्या तरी आईने आमच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकला. काही आठवड्यांनी मला नागोयाहून एका बाईंचा फोन आला. जपानी अस्खलित, पण किंचित वेगळ्या वळणाची. त्या म्हणाल्या, "माझे वडील तैवानचे आहेत. ते तुमचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतायत. त्यांना तुम्हाला भेटायचंय. त्यांना फोनवर बोलता येत नाही, नाहीतर त्यांनीच केला असता." मी विचारलं, ऐकू कमी येतं का. त्या म्हणाल्या, "ऐकू नीट येतं."

मी शनिवारी गेले. चौथ्या मजल्यावरचं घर, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत बाई हिशेबनीस आहेत, वडिलांना त्यांनी चार वर्षांपूर्वी इथे आणलं. म्हातारे गृहस्थ दारातच उभे होते. बारीक, ताठ पाठीचे, गळ्याला करड्या रंगाचा मफलर, उन्हाळा तोंडावर आलेला असूनही. त्यांनी काहीतरी म्हटलं आणि मला वाटलं दाराखालून वारा येतोय. तो त्यांचा आवाज होता. नुसती हवा, तिच्यात शब्दांचे आकार. मुलगी त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकायची आणि मला सांगायची.

त्यांनी आधी टेबल सरकवायला लावलं. मला क्रम करून दाखवायला सांगितलं. मी मोजे घालून त्यांच्या गालिच्यावर उभी राहिले आणि सुरू केलं. ती हालचाल आली, माझा हात छातीशी थांबला आणि त्यांनी बोट वर केलं. पुन्हा. मी पुन्हा केली. पुन्हा, त्यांनी खूण केली. मग ते उठून माझ्यासमोर आले, माझं मनगट धरलं, अगदी हळुवार, आणि माझा हात छातीच्या उंचीवरून वर नेला. वर, आणि पुढे, त्यांच्या मफलरच्या आत. माझी जुळलेली बोटं त्यांच्या गळ्यावर टेकली. शिफू, तिथे जे असायला हवं ते नव्हतं. पुरुषांच्या गळ्याला जो उंचवटा असतो, त्या जागी खोलगट, वेडंवाकडं काहीतरी होतं, आणि ते श्वासाबरोबर हलत होतं. माझा हात मागे घ्यायची मला बुद्धीच होईना.

त्यांनी ओठ हलवले. मुलीने सांगितलं, "बाबा म्हणतायत, हा हात इथे थांबतो. तुझ्या गुरूचा इथे थांबला."

मी खाली बसले. त्यांच्या मुलीने चहा केला आणि तो माझ्यापुढे तसाच राहिला. ते सांगत होते, ती मला सांगत होती. ते तुमच्या गुरूंचे एकुलते एक चिरंजीव. तुमच्याहून लहान. देवळातल्या जत्रेत संगीत नाटक व्हायचं, त्यात ते गायचे, आसपासच्या गावांतून माणसं त्यांचं गाणं ऐकायला यायची. कुंग फूमध्ये त्यांचं मन तितकंसं नव्हतं. ते तुमचं होतं. दुकान आणि अंगण दोन्ही पुढे तुम्हीच चालवणार हे सगळ्यांनी धरलं होतं, त्यांनी स्वतःही. पण त्या वर्षी वडिलांनी सगळ्या शिष्यांना जमवलं आणि जाहीर केलं की वारसा मुलाकडे जाईल, कारण घरचं घरातच राहायला हवं. मग म्हणाले, दोघांनी मिळून सगळ्यांना एक जोडीचा सामना करून दाखवा, आनंदाचा दिवस आहे.

"बाबा म्हणतायत, ते हरत होते. सगळ्यांना दिसत होतं. आजोबांनी बस म्हटलं. मोठ्यांदा म्हटलं."

"मग?" मी विचारलं.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी मुलीची वाट न बघता मोडक्या जपानीत स्वतःच कुजबुजले. मी पुढे वाकून ऐकलं. "तो म्हणाला, हात आधीच निघाला होता."

शिफू, मला तिथे बसल्या बसल्या झाडांपाशी उभी असलेली मी दिसले, आणि तुमचे हलणारे ओठ. तुमच्याच तोंडचं वाक्य मी तुम्हाला ऐकवलं होतं. मी ते कुणाकडून शिकले नव्हते, आपोआप आलं होतं, जसं तुम्हालाही आलं असेल. मला काही क्षण ऐकू येणंच बंद झालं. बाई काहीतरी सांगत होत्या, त्यांचं तोंड दिसत होतं.

नंतरचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. गुरूंनी स्वतःच्या मुलाच्या गळ्यावर उपचार करत, तुमच्याकडे पाठ करूनच सांगितलं की आजपासून तू आमचा नाहीस. भिंतीवर सगळ्या शिष्यांच्या नावांच्या पाट्या होत्या, त्यातली तुमची काढली. तुम्ही त्याच संध्याकाळी गाव सोडलंत. पुढे जपानला गेलात हे कुणाकुणाकडून कळलं. म्हणजे चहा प्यायचा तुम्हाला हक्कच नव्हता. आम्हाला तुम्ही कुणाच्या नावाखाली लावणार होतात? मास्तर अपमान समजून निघून गेले, मी बाईपणाचा आणि परकेपणाचा घोर लावून घेत राहिले आणि तुम्ही आत जाऊन पात चिरत होता.

"मग मला कशासाठी बोलावलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "त्यांनी काय केलं ते मला कळावं म्हणून?"

म्हातारे मान हलवून नाही म्हणाले. मुलीने सांगितलं, "बाबा रोज असले व्हिडिओ बघतात. आमच्या शैलीचे पुष्कळ आहेत. सगळ्यांचा हात वर, शेवटपर्यंत जातो. तुमचा व्हिडिओ आला आणि तुमचा हात छातीशी थांबला. मग मागच्या मुलांचा थांबला. बाबांनी मला हाक मारली, मी धावत आले, मला वाटलं पडले की काय. ते रडत होते. म्हणाले, हा त्याचा हात आहे. तो आयुष्यभर हा हात थांबवत होता."

मला वाटलं एवढंच. एवढंही मला झेपत नव्हतं. पण म्हाताऱ्यांनी मुलीचा दंड धरला आणि तिला काहीतरी सांगितलं, आणि ती माझ्याकडे न बघता वडिलांकडेच बघत राहिली. तिलाही ते माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिने चिनीत काहीतरी विचारलं. त्यांनी मान हलवली. मग ती मला म्हणाली, "आजोबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी बाबांना जवळ बोलावलं होतं. म्हणाले, त्याला बोलवा. पाटी परत लावा. फार झालं."

"मग?"

"बाबांनी हो म्हटलं. आणि कुणालाच सांगितलं नाही."

अंत्ययात्रेच्या दिवशी तुम्ही गेला होतात, शिफू. गल्लीच्या तोंडाशी उसाच्या रसाचं दुकान होतं, तिथे उभे होता. म्हाताऱ्यांनी दारातून तुम्हाला पाहिलं. तुम्ही पाहिलंत की त्यांनी पाहिलं. ते आत निघून गेले. परत बाहेर आले तेव्हा तुम्ही नव्हता.

मला तो आठवडा आठवतो. तुम्ही खानावळीला कुलूप लावून गावी गेला होता, पहिल्यांदाच. परत आलात तेव्हा दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मी विचारलं, "शिफू, काम झालं का?" तुम्ही म्हणालात, "दारापर्यंत झालं." नंतर कितीतरी दिवस तुमच्या हातच्या जेवणाला मीठ नव्हतं, आणि आम्ही कुणी काही बोललो नाही, मीठ मागून वरून घेतलं. दाराच्या आत तुमच्यासाठी क्षमा ठेवलेली होती, आणि तुम्ही उसाच्या रसाच्या दुकानापाशी उभे होता.

"का नाही सांगितलंत?" मी थेट त्यांनाच विचारलं.

त्यांनी मफलर पुन्हा गळ्याला गुंडाळला. मग मुलीला न सांगता, पुन्हा स्वतःच कुजबुजले, "त्याने वाट बघावी असं वाटलं. थोडी." थोड्या वेळाने म्हणाले, "मग फार उशीर झाला."

त्यांनी मला जे द्यायचं ठरवलं होतं ते त्यानंतर सांगितलं. मी त्यांना चहा द्यावा. ते मला घराण्यात घेतील, तुमचं नाव परत लावतील आणि त्याखाली माझं. गावातल्या घरात अजून ती भिंत आहे, जुने लोक अजून जमतात. मी उभी राहिले. मी म्हणाले, "आधी त्यांना सांगा. ज्यांच्यासमोर पाटी काढली, त्यांच्यासमोर सांगा. तुम्ही स्वतः सांगा." बाई घाबरल्या. त्या म्हणाल्या, "त्यांच्या वयाला हे झेपणार नाही. तिथे सगळे त्यांना मानतात." मी पिशवी घेतली आणि निघाले. स्टेशनवर मी गाडी चुकवली. फलाटावर उभी होते, ती आली, दारं उघडली, मिटली, गेली, आणि मी तिच्याकडे बघत होते.

मला वाटलं ते प्रकरण तिथेच संपलं. पण पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला, रविवारी येऊ शकाल का. या वेळी मी लेकीला बरोबर नेलं. म्हाताऱ्यांनी कोट घातला होता आणि गळा उघडा ठेवला होता. टेबलावर लॅपटॉप होता, पडद्यावर एक मोठी खोली, बाकांवर बसलेली बरीच म्हातारी माणसं, काही तरुण, आणि मागे ती भिंत, नावांच्या पाट्यांची. माझ्या लेकीने मला विचारलं, सेन्सेईंचं, म्हणजे तुमचं, नाव कुठे आहे, आणि मी म्हणाले, नाही आहे. बाई वडिलांच्या शेजारी बसून बोलायला लागल्या, तर त्यांनी हात करून थांबवलं. मायक्रोफोन तोंडाशी धरला आणि स्वतः बोलले. त्या कुजबुजीने बोलले. पडद्यावरचे लोक पुढे वाकले. मला भाषा कळत नव्हती, पण प्रत्येक वाक्यानंतर त्यांना श्वास गोळा करायला लागत होता, आणि ते पुढचं वाक्य बोलत होते. बोलणं संपलं. मग एक गृहस्थ काठी घेऊन उठले आणि बाहेर निघून गेले. एक म्हातारी बाई, तुमच्या बरोबरीने शिकलेल्या, पडद्याच्या अगदी जवळ आल्या. त्यांनी विचारलं आणि म्हाताऱ्यांच्या मुलीने मला हळूच सांगितलं, "त्या विचारतायत, तो जिवंत होता तेव्हा तुला आवाज नव्हता, पण हात तर होते ना, लिहून का नाही कळवलंस?" म्हाताऱ्यांनी मायक्रोफोन टेबलावर ठेवला. मान खाली घालून बसले.

शेवटी पडद्यावरच्या त्या म्हाताऱ्या बाईच म्हणाल्या, पाटी लावू. गुरूंचा शब्द आहे. मग त्यांनी विचारलं, त्याने शिष्य केले होते का, त्यांची नावं सांगा. खोलीतले सगळे पडद्यातून माझ्याकडे बघायला लागले. म्हातारेही बघत होते, लेकही. हो म्हणायला फक्त मान हलवायची होती. मी म्हणाले, "नाही. त्यांनी कुणाचा चहा घेतला नाही." बाईंनी भाषांतर केलं. पलीकडे थोडी कुजबुज झाली. मी म्हणाले, "त्यांच्याखाली कुणाचं नाव लावू नका." म्हाताऱ्यांनी नंतर मला चहाबद्दल विचारलं नाही. निघताना म्हणाले, आता तो घेण्याजोगा मी राहिलो नाही, आणि मला ते खरं वाटलं, म्हणून मी त्यांना तसं नाही असं म्हटलं नाही. वाकून नमस्कार केला.

परतीच्या गाडीत लेकीने जपानीतच विचारलं, "मग सेन्सेई वाईट माणूस होते का?" तिला तुम्ही नीट आठवतही नाही. मी म्हणाले, "मला माहीत नाही." ती खिडकीबाहेर बघत राहिली. पुढे म्हणाली, "मला ते आजोबा वाईट वाटले नाहीत. त्यांनी तर आईसक्रीम दिलं." त्या दोघांपैकी कोण कुणाचा गुन्हेगार, हे मला अजून लावता येत नाही. मी दोघांचाही विचार करते आणि दोन्ही वेळा तशीच हादरते. गेल्या आठवड्यात तुमच्या नावाच्या पाटीचा फोटो आला. नवीन लाकूड आहे, बाकीच्या पाट्या काळवंडलेल्या, त्यामुळे तुमची एकदम डोळ्यात भरते. वर तुमचे गुरू, शेजारी त्यांचा मुलगा, खाली मोकळी भिंत.

वर्गात मी अजून काही सांगितलेलं नाही. सगळ्यांचा हात छातीशीच थांबतो, मी तो तसाच शिकवते, फक्त त्याचा मी रचलेला अर्थ सांगणं बंद केलंय. एका नवीन मुलाने विचारलं, का थांबतो. मी म्हणाले, थांबवता यायला हवा म्हणून. त्याचं समाधान झालं नाही, आणि माझंही.

हे मी मराठीत लिहितेय, तुम्हाला ते वाचता आलं नसतं, आणि पाठवायला पत्ताही नाही. खानावळीच्या जागी आता चोवीस तास उघड्या दुकानाचं, कोनबिनीचं पार्किंग आहे. तुम्ही गेलात त्यानंतर दर रविवारी तळ्याकडे सायकल नेताना माझ्या मनात एकच यायचं, आज तुम्ही असायला हवे होतात. परवाच्या रविवारी तसं आलं नाही. तळ्यापाशी सायकल लावली आणि तुम्ही तिथे उभे नाही आहात हे बघून, शिफू, मला जरा हायसं वाटलं. तुम्ही असतात तर तुमच्याकडे कसं बघावं हे मला कळलं नसतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.